आंग्र्यांचं आरमार, पुण्याचा करार आणि समुद्राखालची अँग्रिया बँक

आज नकाशा उघडून ऐका. विजयदुर्गावर बोट ठेवा आणि सरळ पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटर सरका. वर नुसतं पाणी. खाली मात्र, जेमतेम २० मीटरवर, एक पठार आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी १५. भोवती समुद्र एकदम खोल. या पठारावर प्रवाळ वाढतात. नाव अँग्रिया बँक. अँग्रिया म्हणजे आपले आंग्रे, इंग्रजांच्या उच्चारातले.

आता पुणेकर म्हणून आपला संबंध काय? बराच आहे.

१७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं. मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना! कान्होजी १७२९ मध्ये गेले तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही या किनाऱ्यावर ते पुरून उरले. पुढे त्यांच्या मुलांत भाऊबंदकी झाली. विजयदुर्ग तुळाजीकडे आला आणि तुळाजी पेशव्यांना जुमानेना. तेव्हा बाळाजी विश्वनाथांचे नातू नानासाहेब यांनी १७५५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती पसरत गेली आणि तुळाजीचं आरमार जळून गेलं. तुळाजीचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं.

म्हणजे बघा, आजोबांनी जोडलेलं आरमार नातवाने परक्यांच्या मदतीने संपवलं. तुळाजीला धडा मिळाला, हे खरं. पण समुद्रावर इंग्रजांना अडवणारं बळही त्याच्याबरोबर गेलं. पुण्यातून समुद्र दिसत नाही, त्याचे निर्णय मात्र इथे झाले.

आंग्र्यांचं नाव समुद्राच्या नकाशावर टिकलं. त्या नावाखाली काय जगतंय?

लक्ष्मी रोडवर अंगठीत बसवून मिळतं ते लाल पोवळं वेगळं, ते भूमध्य समुद्राकडचं. भिंती रचणारे प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांच्या वसाहती. त्यांच्या अंगात शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ताण लांबला तर मरतात. मालवणच्या प्रवाळांवर हे झालेलं आहे. २०२४ मध्ये आययूसीएनने उष्ण पाण्यातल्या भिंती रचणाऱ्या ८९२ प्रजाती तपासल्या. त्यांतल्या ४४ टक्के धोक्यात निघाल्या.

आणि वाढ किती हळू! गोलसर, दगडी प्रकारचे प्रवाळ वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात. इंजिनियरी हिशेब करतो: १७५६ साली रुजलेली वसाहत आज फार तर पावणेतीन मीटरची असेल. एक नांगर किंवा तळ खरवडणारं ट्रॉलरचं जाळं ती काही मिनिटांत मोडू शकतं. याचा बॅकअप नसतो.

मग संरक्षण? २००१ पासून भिंती रचणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण राज्याला अभयारण्य करता येतं ते किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२ किलोमीटर. अँग्रिया बँक त्याच्या कितीतरी पलीकडे. तिथे १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्र सरकार एखादा भाग 'निर्दिष्ट क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. महाराष्ट्राने तशी इच्छा दाखवली आहे, २०१९-२० च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांची मोहीमही जाऊन आली. वाट कायद्यात आहे, चालायचं कुणीतरी ठरवायला हवं.

माझं म्हणणं एवढंच. आंग्र्यांचे पुतळे आपण उभारतो, आरमाराच्या गोष्टी अभिमानाने सांगतो. त्यांच्या नावाचा एक जिवंत तुकडा अजून समुद्रात आहे. पुण्यातून तो दिसत नाही, म्हणून तो आपला नाही असं पुन्हा एकदा ठरवू नये.