पितळेचा ताव : हंड्यापासून काडतुसापर्यंत

भोर आणि वेल्हे तालुक्यांतील जुन्या घरांत पितळी घागर, हंडा किंवा कळशी आजही माळ्यावर सापडते. (वेल्हे तालुक्याच्या ‘राजगड’ या नव्या नावाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली.) अंगणात लहानसा खड्डा खणून, त्यात कोळसा पेटवून आणि हाताने फिरवायचा भाता लावून भांडी तापवणारा कल्हईवालाही अनेकांच्या आठवणीत आहे. भांड्यांचे पितळ आणि बंदुकीच्या काडतुसाच्या पुंगळीचे पितळ यांत मूलतः फारसा फरक नाही. दोन्ही धातू तापवूनच मऊ होतात. मात्र, हा ताव कोठे द्यायचा आणि कोठे द्यायचा नाही, हा प्रश्न काडतुसाच्या बाबतीत जीवनमरणाचा ठरतो.

घाव आणि ताव

तांबे व जस्त यांच्या मिश्रणातून पितळ तयार होते. काडतुसांसाठी साधारणपणे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असे प्रमाण वापरले जाते. थंड अवस्थेत ठोकले, ताणले किंवा वाकवले की पितळ कडक होत जाते. ठोकत राहिल्यास एका मर्यादेनंतर त्याला तडा जातो. तो टाळण्यासाठी धातू तापवावा लागतो. उष्णतेमुळे आतील ताणलेल्या स्फटिकांच्या जागी नवे स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. कारखान्यांत ‘ॲनीलिंग’ हा शब्द रूढ आहे. कारागीर नुसता ‘ताव देणे’ म्हणतात.

लोहार आणि तांबट यांच्या कामातील भेद येथे स्पष्ट होतो. लोहाराने लालबुंद पोलाद पाण्यात बुडवले की ते कडक होते. तांबटाने तापलेले तांबे वा पितळ पाण्यात बुडवले, तरी ते मऊच राहते. पाण्याने ते फक्त लवकर गार होते. मऊ झालेले पितळ पुन्हा कडक करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे हातोड्याचा घाव. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यावर शेवटी जे मठारकाम केले जाते, त्याने भांड्याला शोभा येते आणि मजबुतीही येते. म्हणजे तांबटाच्या कामात ताव आधी आणि घाव शेवटी असतो.

पुंगळीचे उलटे गणित

काडतुसाची पुंगळी पितळेच्या चकतीपासून तयार होते. चकतीची प्रथम वाटी केली जाते, मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी बनवली जाते. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होत असल्याने मधूनमधून भट्टीत ताव द्यावा लागतो. शेवटी बूड दाबाखाली ठोकून कडक ठेवले जाते आणि केवळ मानेला, म्हणजे गोळी पकडणाऱ्या अरुंद भागाला, पुन्हा ताव दिला जातो. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्याच तावाची खूण असते.

गोळी सुटताना मान फुगून नळीच्या आतील भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. त्यासाठी ती लवचीक हवी. बुडावर मात्र स्फोटाचा संपूर्ण दाब येत असल्याने ते कडकच हवे. मऊ बूड फाटले, तर तप्त वायू आणि धातूचे तुकडे नेमबाजाच्या चेहऱ्यावर येऊ शकतात. चुकून मऊ झालेल्या हंड्याला तांबट पुन्हा ठोकून सावरू शकतो. पुंगळीचे बूड घरी पुन्हा कडक करता येत नाही. येथे ताव शेवटी असतो आणि तो चुकला, तर दुरुस्ती नसते.

घरगुती साधने

अमेरिकेसारख्या देशांत वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद कायदेशीर आहे. प्रत्येक वापरात मान फुगते आणि भरण्यापूर्वी तिला पुन्हा आवळावे लागते. या दुहेरी ताणाने ती कडक होऊन चिरते. म्हणून हे छंदी नेमबाज मानेला ताव देण्याची साधने घरीच तयार करतात. पसरट थाळीत पाणी घेऊन त्यात पुंगळ्या उभ्या करायच्या आणि वर गॅसची ज्योत फिरवायची, ही जुनी रीत. पाण्यामुळे बूड थंड राहते. पण ज्योत एकाच बाजूने लागल्याने ताव असमान बसतो. दुसऱ्या रीतीत हातयंत्राला जोडलेल्या पान्याच्या खोबणीत पुंगळी ठेवून ती ज्योतीसमोर फिरवतात. काहींनी लहान मोटरवर फिरणारी चकती बनवली आहे, तर अलीकडे वीजप्रवाहाच्या वेटोळ्यात ज्योतीविना तापवणारी यंत्रेही तयार केली जातात.

साधन कोणतेही असो, खरी अडचण वेळेची असते. पितळ उष्णता झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे मानेचा ताव काही सेकंदांतच बुडाकडे सरकू लागतो. ताव कमी पडला तर मान कडकच राहते. जास्त झाला तर स्फटिक फार मोठे होतात आणि मान गोळी नीट पकडत नाही. ठराविक तापमानाला वितळणारे रंग लावून हे मोजले जाते. भर उजेडात पितळ लाल दिसले, तर ताव मर्यादेबाहेर गेला असे समजतात.

पावसाळा, तबेला आणि चिरा

पितळेतील ताणाचा धडा जगाला हिंदुस्थानातील पावसाळ्याने दिला. ब्रिटिश फौजेच्या मोहिमा पावसाळ्यात थंडावत आणि दारूगोळा तबेल्यांत साठवला जाई. पाऊस ओसरल्यावर काडतुसांच्या पितळेला चिरा पडलेल्या आढळत. ऋतूशी संबंध दिसल्याने इंग्रजीत त्यांना ‘ऋतूचे तडे’ अशा अर्थाचे नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी उलगडले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पितळेत दडलेला ताण एकत्र आले की धातू चिरतो. सौम्य ताव देऊन ताण घालवणे आणि अमोनियापासून दूर ठेवणे, हा त्यावरचा उपाय ठरला. भोर-वेल्ह्याच्या मुसळधार पावसात गोठ्याशेजारी ठेवलेल्या, ठोकून घडवलेल्या पितळी भांड्यालाही हाच नियम लागू पडतो.

पुणे परिसरात पुंगळ्यांचे शास्त्र नवे नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यावर तो पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला.

कायदा काय सांगतो

सह्याद्रीच्या पट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक बाळगण्याची परंपरा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या किंवा गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. मात्र, बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे तयार करण्याचा परवाना नव्हे. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. विनापरवाना दारूगोळा तयार करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

जुन्या घराच्या आवराआवरीत, रानात किंवा भंगारात काडतूस सापडले, तर ते रिकामे आहे असे गृहीत धरू नये. पितळेच्या मोहाने ते तापवणे, ठोकणे किंवा भंगारवाल्याला देणे जिवावर बेतू शकते. हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे हाच सुरक्षित मार्ग होय.