कर्णा आणि खर्ज

खानदेशात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत एक आवाज कायमचा बसलेला असतो : लग्नघरासमोरच्या कडुनिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून येणारे गाणे. शब्द शिवारापर्यंत स्पष्ट, तबल्याची चाट स्पष्ट. डग्गा मात्र जवळजवळ नाहीसा. जळगाव-धुळ्याकडच्या आमच्या पिढीने कितीतरी गाणी अशी खर्जावाचून पाठ केली. ही उणीव कोणाची, हा प्रश्न आम्हाला पडला तो फार उशिरा. बंद पडलेल्या एका चित्रपटगृहातले जुने कर्णे आम्ही घरी आणले तेव्हा.

कर्ण्याचा गुण आणि दोष एकाच जागी आहेत. थोड्या विजेत तो आवाज दूरवर नेतो. पण त्याच्या तोंडाचा घेर साधारणपणे ध्वनितरंगाच्या लांबीएवढा असावा लागतो. ५० हर्ट्झच्या स्वराचा तरंग सुमारे ७ मीटर लांब. म्हणजे तोंडाचा व्यास २ मीटरहून अधिक! असा कर्णा कोणते झाड पेलणार? तेव्हा खर्ज सोडून द्यायचा आणि शब्द पोचवायचा, हा व्यवहार ठरला. १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांत तर गाणे मुद्रित होई तेही कर्ण्यातूनच. तेथे खर्ज दोनदा गळाला.

१९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला. बोलपटाला खर्जही हवा होता. हॉलिवुडमध्ये खर्जासाठी लांब, दुमडलेला भोंगा आणि वरच्या स्वरांसाठी आखूड कर्णा अशी जोडी लावली, तेव्हा नर्तकीच्या पदन्यासाचा एकच ठोका दुहेरी ऐकू येऊ लागला. खर्ज लांबच्या वाटेने, म्हणून उशिरा पोचत होता. डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांनी १९३६ च्या सुमारास दोन्ही वाटांतले अंतर कमी करून हा दोष घालवला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अशा माळावरच्या सभेत शब्द पोचला की पुरे. खर्जावाचून तेथे कोणाचे अडत नाही. घरच्या श्रोत्याचे मात्र अडते.

घरासाठी पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच भोंग्याचा विस्तार म्हणून वापरला. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांच्या लहान बंद पेटीने खर्ज दिला, पण त्याची किंमत अधिक विजेच्या रूपाने घेतली.

आम्ही वर कर्णा आणि खाली पेटी असा संसार मांडला, आणि तो जमेना. कर्णा पेटीपेक्षा सुमारे १५ डेसिबेल मोठा. म्हणजे बरोबरीसाठी पेटीला सुमारे ३० पट वीज हवी. दोघांना वेगळे अ‍ॅम्प्लिफायर दिले. तरी पुरुषी आवाज पोकळच राही. दोघांचा सांधा ५०० हर्ट्झवर. तेथला तरंग सव्वादोन फुटांचा, आणि कर्ण्याचा पडदा पेटीच्या पडद्याच्या १ फूट मागे. जवळजवळ अर्ध्या तरंगाचे हे अंतर दोघांना एकमेकांत पुसून टाकीत होते. पेटी फूटभर मागे सरकवली, आणि आवाजाला अंग आले.

त्या संध्याकाळी लहानपणचे एक गाणे लावले. डग्गा घुमला. तो मुद्रिकेत पहिल्यापासून होता. आमच्यापर्यंत तेवढा पोचला नव्हता. आनंद झालाच, पण कडुनिंबावरचे ते गाणे, खरे सांगायचे तर, आता आम्हाला पूर्वीसारखे आठवत नाही.