हौस, पैसा आणि रग्बीचा एक हंगाम

इंग्लंडचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि पार्लमेंट उभी राहतात. खेळाचा इतिहास हा इतिहासच नव्हे, ती रिकामपणची गोष्ट, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची एक समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही. एखादा समाज कष्ट कसे करतो यावरून जशी त्याची परीक्षा होते, तशीच तो खेळतो कसा आणि त्या खेळाचा खर्च कोण सोसतो यावरूनही होते. या दृष्टीने पाहता इंग्लंडमधील रग्बीचा १९९६-९७ चा हंगाम, आणि तोही अव्वल श्रेणीचा नव्हे तर दुसऱ्या श्रेणीचा, विशेष विचार करण्याजोगा आहे. शंभर वर्षे दाराबाहेर उभा केलेला पैसा त्या वर्षी उघडपणे आत आला, आणि त्याची करामत प्रथम दिसली ती या दुय्यम श्रेणीच्या मैदानांवर.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी पाहिलेले वाचक आपल्यात असतील, इतरांसाठी सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी, अंड्याच्या आकाराचा चेंडू, आणि ऐंशी मिनिटांचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळावयाचे आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवावयाचा. यास ‘ट्राय’ म्हणतात व त्याचे पाच गुण मिळतात. त्यानंतर चेंडू लाथेने दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून मारता आला तर आणखी दोन. पळणाऱ्याला धरून खाली पाडण्याची प्रतिपक्षास मुभा असते. हुतुतूतली पकड ज्याने पाहिली आहे, त्यास या खेळाची रग समजावून सांगण्याची गरज नाही.

हा खेळ वॉरिकशायर परगण्यातील रग्बी गावच्या शाळेत वाढला. विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने १८२३ साली नियम मोडून चेंडू हातात घेऊन पळ काढला आणि रग्बीचा जन्म झाला, अशी आख्यायिका आहे. ती प्रथम सांगितली गेली पन्नासाहून अधिक वर्षांनंतर, तेव्हा इतिहास म्हणून तिला फारशी किंमत देता येत नाही. खरी गोष्ट अशी की, १८४५ साली त्या शाळेतील मुलांनीच नियम लिहून काढले आणि शाळा सोडून गेलेल्यांनी तो खेळ देशभर नेला. २६ जानेवारी १८७१ रोजी लंडनमधील पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये २१ क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. त्यात पुढाकार होता ब्लॅकहीथ आणि रिचमंड या दोन क्लबांचा. ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. आमच्या कथेत ती पुन्हा यावयाची आहेत.

क्लब म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था, ही त्या वेळची कल्पना होती. तिचे एक स्मारक आपल्या देशातून गेले आहे. कलकत्त्यातील गोऱ्या लोकांचा रग्बी क्लब १८७० नंतरच्या दशकात मोडकळीस आला, तेव्हा सभासदांनी शिल्लक रक्कम वाटून घेतली नाही. बँकेतून चांदीचे रुपये काढले, ते वितळवून नागाच्या आकाराच्या मुठींचा एक चषक घडविला आणि तो युनियनला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून त्या चषकासाठी सामने होत आले आहेत.

तथापि या हौशी परंपरेचे केवळ गुणगान करणे न्यायाचे होणार नाही. हौस परवडते कोणास? ज्यास शनिवारचे काम बुडाले तरी चूल पेटण्याची चिंता नाही, त्यास. यॉर्कशायर आणि लँकेशायरमधील खाणीत व गिरणीत राबणारा मनुष्य खेळावयास गेला तर त्याची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच मागणी १८९३ च्या सभेत उत्तरेकडील क्लबांनी मांडली. ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळण्यात आली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी सभा भरवून वेगळी चूल मांडली. आज ज्यास रग्बी लीग म्हणतात तो खेळ या फुटीतून निघाला. जो तिकडे गेला त्यास युनियनच्या मैदानाचे दार कायमचे बंद. सोवळेओवळे आपल्याकडेच होते असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

सोवळे शंभर वर्षे टिकले. १९८७ पर्यंत युनियनच्या क्लबांत देशव्यापी लीगदेखील नव्हती. सामने परस्पर ठरत. त्या वर्षी एका बिअर कंपनीच्या आश्रयाने श्रेणी पडल्या, आणि वर चढणे व खाली घसरणे सुरू झाले. चढउतार आला की ईर्षा येते, आणि ईर्षेमागोमाग पैसा. अखेर २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळ सर्वांस खुला केल्याचे जाहीर केले. इंग्लंडच्या युनियनने विचारासाठी एक हंगाम मागून घेतला. हा विलंब तिला महाग पडला असे आमचे मत आहे. युनियन विचार करीत बसली आणि धनिकांनी क्लब विकत घेतले.

न्यूकॅसल शहरातील गॉसफर्थ हा १८७७ चा जुना क्लब. तो सर जॉन हॉल यांनी घेतला. शहरातील प्रसिद्ध फुटबॉल क्लबही त्यांच्याच ताब्यात होता. इंग्लंडचा नामांकित खेळाडू रॉब अँड्र्यू यास वॉस्प्समधून आणून त्यांनी रग्बीची सूत्रे त्याच्या हाती दिली. पाठोपाठ डीन रायन, टोनी अंडरवुड, स्कॉटलंडचे गॅरी आर्मस्ट्राँग व डॉडी वीअर, सामोआचा पॅट लॅम असे मोहरे आले. इकडे टेम्सकाठच्या रिचमंडला ॲशली लेव्हेट हा मोनॅकोत राहणारा धनाढ्य व्यापारी भेटला. त्याने बाथचा बेन क्लार्क आणला, आणि वेल्सचा स्कॉट क्विनेल थेट रग्बी लीगमधून परत आणला. कालपर्यंत बहिष्कृत असलेले गडी आज मानाने घरात आले, एवढे एक पुण्य या पैशाच्या पदरी टाकलेच पाहिजे. बेडफर्डचा क्लब मुष्टियुद्धाचे सामने भरविणारे फ्रँक वॉरन यांनी घेतला. हे तिन्ही क्लब त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत होते. याच बारा क्लबांत कॉव्हेंट्री, मोझली, नॉटिंगहॅम असे जुने लोक होते, युनियनचा दुसरा संस्थापक ब्लॅकहीथ होता, आणि खुद्द रग्बी गावचा क्लबही होता.

आता हा सामना समबल कसा व्हावा? एका बाजूस दिवसभर सराव करणारे, देशोदेशींचे पगारी वीर. दुसऱ्या बाजूस नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी दिव्याच्या उजेडात धावणारे गडी. त्या हंगामातील एकच निकाल सांगतो. न्यूकॅसलने रग्बी गावच्या क्लबास १५६ विरुद्ध ५ गुणांनी हरविले. ऐंशी मिनिटांत २४ ट्राय. म्हणजे साडेतीन मिनिटे पुरती होण्याआधी एक. ज्या गावाने या खेळाला आपले नाव दिले, त्या गावाची ही अवस्था! पाहणारास यात क्षणभर मौज वाटेल. पण अशा सामन्यात जिंकणाराच्या पराक्रमाची तरी कसोटी कोठे लागते? हंगाम संपला तेव्हा रिचमंड पहिला आला, न्यूकॅसल दुसरा. दोघे वर चढले. तळाचे दोन क्लब खाली घसरले, ते नॉटिंगहॅम आणि रग्बी.

पुढील वर्षी, १९९७-९८ मध्ये, न्यूकॅसलने वर जाताच अव्वल श्रेणीचे अजिंक्यपद पटकावले. पैशाने यश विकत मिळत नाही, असे सुभाषित आपण मुलांस शिकवितो. या प्रसंगी ते मिळाले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. विकत घेतलेले यश राहते किती दिवस?

रिचमंडची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अव्वल श्रेणीत त्यास आपले जुने मैदान अपुरे वाटू लागले, म्हणून १९९८ साली तो रेडिंग येथील मोठ्या नव्या स्टेडियममध्ये गेला. गाव सुटले, पण भव्य सज्जे भरतील एवढे नवे प्रेक्षक मिळाले नाहीत. पगार मात्र चालूच होते. १९९९ च्या आरंभी लेव्हेटने हात आखडता घेतला आणि मार्चमध्ये क्लबाचा कारभार दिवाळखोरीच्या व्यवस्थापकांकडे गेला. त्याच उन्हाळ्यात रिचमंड आणि त्याचा शेजारी लंडन स्कॉटिश यांचे व्यावसायिक संघ लंडन आयरिश या तिसऱ्या क्लबात विलीन करण्यात आले. युनियनच्या दोन संस्थापकांपैकी एक, आणि दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरल्यानंतर दोनच वर्षांत नामशेष! न्यूकॅसलमध्येही हॉल यांनी १९९९ साली अंग काढून घेतले. दुसरा आश्रयदाता मिळाला म्हणून तो क्लब वाचला. पुढे २०२५ साली एका पेय बनविणाऱ्या परदेशी कंपनीने तो विकत घेतला.

परंतु आमची कथा येथे संपत नाही. जी वस्तू धनिकाने विकत घेतली होती ती बुडाली. जी विकत घेता आली नव्हती ती शिल्लक होती. रिचमंडच्या जुन्या सभासदांनी आपल्या जुन्या मैदानावर हौशी क्लब पुन्हा उभा केला. लीगच्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीपासून आरंभ करून १६ वर्षांनी, २०१६ साली, तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत पोचला. बेडफर्डचे वॉरनही गेले आणि खेळाडूंच्या पगाराचे वांधे झाले. तेव्हा गावातील लोकांनीच पैसे उभे करून क्लब हाती घेतला. २००० साली तो अव्वल श्रेणीतून खाली आला आणि तेव्हापासून पाव शतक दुसऱ्या श्रेणीत टिकून आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅम व रग्बी खाली गेले तेव्हा त्यांच्या जागी फाइल्ड आणि एक्झिटर असे दोन क्लब वर आले होते. त्यांतील एक्झिटरने घाई केली नाही. नवे मैदान बांधले, उत्पन्नाची साधने जोडली, आणि १३ वर्षांनी, २०१० साली, अव्वल श्रेणी गाठली. २०१७ मध्ये तो अजिंक्य ठरला.

उलट लंडन आयरिश, ज्यात रिचमंड विलीन झाला होता, तोच २०२३ साली आर्थिक डोलारा कोसळून लीगबाहेर गेला. त्याच्या आदल्या वर्षी वॉस्प्स व वूस्टर हे अव्वल श्रेणीचे दोन क्लब याच वाटेने गेले होते. १९९६-९७ चा धडा सव्वीस वर्षांनंतरही कोणी पुरता शिकले नव्हते.

काहींचे म्हणणे असे की, जुनी हौशी पद्धतच बरी होती. आम्हांस तसे वाटत नाही. १८९३ मध्ये ज्यांनी मजुराची बुडालेली मजुरी नाकारली, त्यांच्या निष्कलंकपणाचा खर्च मजुराने सोसला होता. खेळाडूस त्याच्या श्रमाचे मोल मिळावे हे न्याय्यच आहे. दोष पैशात नव्हता. ज्या संस्थेचा खर्च तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागत नाही, तिचे आयुष्य दुसऱ्याच्या इच्छेवर टांगलेले असते, हा दोष होता. धनिकाची इच्छा वाईट असतेच असे नाही. परंतु ती बदलू शकते, आणि ती बदलली म्हणजे पन्नास किंवा शंभर वर्षांची संस्था एका पत्राने बंद होते.

गावातील ग्रंथालय असो, व्यायामशाळा असो की व्याख्यानमाला, आपणही अशाच संस्थांच्या आश्रयाने जगत असतो. कोणी उदार मनुष्य देणगी घेऊन आला तर ती अवश्य घ्यावी; मात्र तिच्यातून इमारत बांधावी, रोजचा खर्च तिच्यावर टाकू नये, आणि वर्गणीची वही कधीही बंद करू नये. बेडफर्डच्या लोकांनी तिकीट काढून मैदानावर येणे सोडले नव्हते, म्हणून मालक गेल्यावरही त्यांच्यापाशी वाचविण्यासारखे काही उरले होते.