सूक्ष्म-इलेक्ट्रॉनीय उपकरणांची दुरुस्ती व निगा

सूक्ष्म-इलेक्ट्रॉनीय उपकरणांची दुरुस्ती व निगा : ट्रँझिस्टर, संकलित मंडले व सूक्ष्मप्रक्रियक यांवर चालणाऱ्या उपकरणांतील दोष शोधून ती पूर्ववत कार्यक्षम करणे आणि दोष उद्‌भवू नयेत म्हणून त्यांची वेळोवेळी तपासणी करणे, या कामाचा व्यवसाय. रेडिओ व दूरचित्रवाणी संच, दूरध्वनी केंद्रे, संगणक, वजनकाटे, वैद्यकीय उपकरणे, मोबाइल दूरध्वनी इत्यादींचा यात समावेश होतो. या उपकरणांचे कारखाने मोठ्या शहरांत असले, तरी ती बिघडतात ती वापराच्या जागी. त्यामुळे निर्मितीउद्योगाचा इतिहास हा मुंबई, पुणे, बंगलोर, हैदराबाद यांसारख्या शहरांचा आहे, तर दुरुस्तीचा इतिहास पुष्कळ अंशी तालुक्यांच्या गावांचा आहे.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे अशा गावांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. संत दामाजी व चोखामेळा यांच्यामुळे वारकरी परंपरेत मानाचे स्थान असलेले, पूर्वी सांगली संस्थानात मोडणारे व ज्वारीच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव औद्योगिक केंद्रांपासून दूर असून त्याच्या तालुक्याची दक्षिण सीमा कर्नाटकाच्या विजापूर जिल्ह्याला भिडते. उन्हाळ्यातील तीव्र उष्मा, काळ्या जमिनीची बारीक धूळ व विद्युत् दाबातील चढउतार या तिन्ही गोष्टी इलेक्ट्रॉनीय उपकरणांना मारक आहेत. अशा प्रदेशात एखादे यंत्र टिकते की अडगळीत पडते, हे ते किती चांगले बनविले आहे यापेक्षा ते जवळपास दुरुस्त होऊ शकते की नाही यावर अधिक अवलंबून असते.

पूर्वपीठिका : मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी आणि पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्या काळातील रेडिओसंच निर्वात नलिकांवर चालत. वीज नसलेल्या खेड्यांत त्यांना मोठ्या कोरड्या विद्युत् घटमालांची आवश्यकता असे. घटमाला संपली किंवा नलिकेचा तंतू तुटला की संच मुका होई. स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायतींना सामुदायिक रेडिओसंच देण्याच्या योजना आखल्या गेल्या. त्यांत संचांच्या देखभालीची जबाबदारी राज्य शासनांवर होती. पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या मराठी भाषक भागातील पाच जिल्ह्यांत सु. १५० गावांमध्ये ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. वीस कार्यक्रमांच्या या मालिकेतील प्रत्येक कार्यक्रम गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावयाचा व नंतर त्यावर चर्चा करावयाची, अशी पद्धत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतृमंडळाचे सर्व कार्य गावातील एकाच संचावर अवलंबून असल्याने संच बंद पडला, तर त्या दिवशीची चर्चाही बंद पडणार, हे उघड होते. दुरुस्तीचा प्रश्न केवळ तांत्रिक नसून सामाजिकही आहे, हे अशा प्रयोगांतून लक्षात येते.

नलिकांच्या बेभरवशाची कल्पना त्या काळातील संगणकावरूनही येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला व १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झालेला टीआयएफआरएसी हा भारतातील आद्य अंकीय संगणकांपैकी एक होय. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम द्विप्रस्थ व १२,५०० रोधक होते. इतके घटक एकाच वेळी सुस्थितीत ठेवणे हे अशा यंत्राच्या चालकांचे नित्याचे काम असे. बिघाड झाल्यावर धावपळ करण्याऐवजी ठराविक काळाने तपासणी करून दुबळे घटक आधीच बदलावेत, हे प्रतिबंधक निगेचे तत्त्व अशा यंत्रांमुळे रूढ झाले.

ट्रँझिस्टर व संकलित मंडले : १९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रँझिस्टर चालवून दाखविला. विल्यम शॉक्ली यांनी त्याच्या विकासात मोलाची भर घातली. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी व त्यानंतर लवकरच रॉबर्ट नॉइस यांनी एकाच अर्धसंवाहक तुकड्यावर संपूर्ण मंडल रचण्याच्या पद्धती शोधल्या. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला.

या शोधांमुळे खेड्यातील रेडिओचे स्वरूप पालटले. हातात मावणारा ट्रँझिस्टर रेडिओ टॉर्चच्या साध्या सेलवर चालू लागल्याने वीज नसलेल्या घरातही तो पोहोचला व त्याबरोबर तालुक्याच्या गावी दुरुस्तीची दुकाने निघाली. सायकलीच्या, घड्याळाच्या वा विजेच्या दुकानातील कारागीर या नव्या कामाकडे वळले. सोल्डरिंग आयर्न, डाखाची तार, मल्टिमीटर व पेचकसांचा संच एवढ्या भांडवलावर धंदा सुरू करता येई. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून आणले जात. बऱ्याच संचांबरोबर मंडलाची आकृती मिळे. ती वाचता येणे हीच या धंद्यातील खरी विद्या होय. आकृतीवरून ठिकठिकाणचा विद्युत् दाब मोजत गेल्यास दोष कोणत्या टप्प्यात आहे ते कळते व शेवटी एखादा जळलेला रोधक किंवा कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतात ते सुकलेले धारित्र सापडते. काही आण्यांचा किंवा रुपयांचा भाग बदलून शेकडो रुपयांचे उपकरण वाचविणे, हे या व्यवसायाचे आर्थिक सूत्र होते.

उपग्रहीय दूरचित्रवाणीचा प्रयोग : ग्रामीण भागातील इलेक्ट्रॉनीय उपकरणांच्या निगेची पहिली मोठी कसोटी मंगळवेढ्याच्या सीमेपलीकडेच झाली. उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग (साइट) १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत राबविण्यात आला. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. तथापि कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे त्यात होते. विक्रम साराभाई यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या प्रयोगाच्या कार्यक्रमाचे व्यवस्थापन मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून येणारे संदेश सु. ३ मी. व्यासाच्या, तारेच्या जाळीच्या आकाशकाने ग्रहण केले जात. ग्राही संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने तयार केले होते. प्रत्येक संच शाळा किंवा पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी ठेवून गावातील एका व्यक्तीकडे सोपविलेला असे आणि दुरुस्तीसाठी देखभाल केंद्रांचे जाळे उभारले होते. खडतर रस्ते व बेभरवशाची वीज असलेल्या प्रदेशातही नाजूक उपकरणे चालू ठेवता येतात, मात्र त्यासाठी दुरुस्तीची व्यवस्था उपकरणाबरोबरच आखावी लागते, हा या प्रयोगाचा धडा होय. प्रयोगानंतर १९७७ मध्ये गुलबर्गा येथे दूरचित्रवाणीचे भूप्रेषण केंद्र सुरू झाले. पुढे १९८३ मधील इन्सॅट-१बी उपग्रह व १९८४ पासून झपाट्याने उभारलेली लघुशक्ती प्रेषण केंद्रे यांमुळे लहान गावांतही दूरचित्रवाणी संच आले व रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ‘टीव्ही मेकॅनिक’ झाला.

संगणक व दूरध्वनी केंद्रे : देखभाल हाच स्वतंत्र उद्योग होऊ शकतो, हे संगणकांच्या क्षेत्रात दिसून आले. केंद्र शासनाने १९७५ मध्ये कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली. परकीय चलन नियमन अधिनियमाच्या अटी मान्य नसल्याने आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा तिने येथे बसविलेल्या संगणकांच्या देखभालीचे काम या कंपनीने स्वीकारले. निर्माता निघून गेल्यावरही यंत्रे चालू ठेवता येतात, हे भारतीय अभियंत्यांनी या निमित्ताने सिद्ध केले.

दूरध्वनीच्या क्षेत्रात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ वाहिन्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र विकसित केले. त्यांपैकी पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, धूळ व उष्मा सोसून ते चालावे असा त्याच्या आराखड्यामागील विचार होता. जुन्या विद्युत् यांत्रिक केंद्रांत तंत्रज्ञ संपर्क घासून व स्प्रिंगा जुळवून दोष काढीत. नव्या केंद्रात सदोष मंडलपट्टी काढून तेथे दुसरी बसवावयाची व काढलेली दुरुस्ती केंद्राकडे पाठवावयाची, ही पद्धत आली. सेवा लवकर पूर्ववत होऊ लागली. परंतु दोषाचे निदान गावातून उठून दूरच्या केंद्राकडे गेले.

प्रशिक्षण : या व्यवसायातील पहिली पिढी बहुतांशी गुरुशिष्य पद्धतीने, दुकानात उमेदवारी करून तयार झाली. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्था व १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम यांमुळे तिला औपचारिक जोड मिळाली. या संस्थांतील रेडिओ व दूरचित्रवाणी यांत्रिक आणि नंतरचा इलेक्ट्रॉनिक यांत्रिक हे अभ्यासक्रम लोकप्रिय ठरले. महाराष्ट्रात अशा संस्था तालुका पातळीपर्यंत पोहोचल्यामुळे कोरडवाहू शेतीच्या भागांतील तरुणांना घराजवळ राहून करण्याजोगा बिगरशेती व्यवसाय उपलब्ध झाला.

काही कामांना कायद्याचेही बंधन आहे. धान्यबाजारात, दूध संकलन केंद्रांत व साखर कारखान्यांत तराजूऐवजी इलेक्ट्रॉनीय काटे आले. वजनमापांची दुरुस्ती करणाऱ्यास वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार परवाना घ्यावा लागतो व दुरुस्तीनंतर काट्याची पडताळणी करून त्यावर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. शेतकऱ्याच्या ज्वारीचे वा उसाचे माप बरोबर होणे अशा रीतीने दुरुस्ती करणाऱ्याच्या कौशल्यावर व प्रामाणिकपणावरही अवलंबून असते.

व्यवसायाचे बदलते स्वरूप : १९८० नंतरच्या दशकांत पृष्ठभागी बसविण्याचे सूक्ष्म घटक सर्वत्र रूढ झाले. मुद्रित मंडलाच्या भोकांतून पाय काढून डाख दिलेले जुने घटक डोळ्यांना दिसत व हाताने काढता येत. नव्या घटकांसाठी भिंग, उष्ण हवेचे यंत्र व स्थिर विद्युतेपासून संरक्षण यांची गरज भासू लागली. त्वचेला जाणवणारही नाही इतक्या अल्प स्थिर विद्युतेच्या विसर्जनाने संकलित मंडल निकामी होऊ शकते. कथिल व शिसे यांचा जुना डाख १८३° से. ला वितळतो, तर शिसेविरहित डाखांना सु. २१७° से. तापमान लागते. त्यामुळे जुनी हत्यारे व जुना हात दोन्ही अपुरे पडू लागले.

याहून मोठा बदल माहितीच्या बाबतीत झाला. उपकरणाचे कार्य सूक्ष्मप्रक्रियकात साठविलेल्या आज्ञावलीवर अवलंबून असल्याने केवळ दाब मोजून दोष कळेनासा झाला. मंडलाच्या आकृती ग्राहकाला व स्वतंत्र कारागिराला मिळेनाशा झाल्या आणि काही निर्माते सुटे भाग केवळ आपल्या अधिकृत केंद्रांना देऊ लागले. उपकरणांच्या किंमती घटल्याने दुरुस्तीची मजुरी नव्या वस्तूच्या किंमतीजवळ जाऊन पोहोचली. परिणामी रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्तीची अनेक दुकाने बंद पडली किंवा मोबाइल दूरध्वनीच्या कामाकडे वळली. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. तिच्या प्रसाराने दुरुस्तीच्या धंद्याला नवे जीवन दिले; मात्र त्यातील बरेचसे काम पडदा किंवा विद्युत् घट बदलण्याचे असते, दोष शोधण्याचे नव्हे.

दुरुस्ती न झालेल्या उपकरणांचा प्रश्न शेवटी कचऱ्याचा होतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले असून त्यांत उत्पादकांवर पुनश्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली व २४ डिसेंबर २०२२ रोजी या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती व सुटे भाग उपलब्ध करून द्यावेत, हा या प्रयत्नांचा गाभा आहे.

सामुदायिक रेडिओपासून मोबाइलपर्यंतच्या या इतिहासात एक गोष्ट सातत्याने दिसते. यंत्र दूरच्या शहरातून येते, पण ते कोणाच्या हातात राहणार हे दुरुस्तीची विद्या कोठे आहे यावर ठरते. आकृती वाचू शकणारा कारागीर जोपर्यंत तालुक्याच्या गावी होता, तोपर्यंत त्या गावाला आपल्या यंत्रांवर काही सत्ता होती. नव्या उपकरणांच्या बाबतीत ही सत्ता टिकविण्यासाठी कौशल्याइतकीच माहिती खुली असणे आवश्यक आहे.