कुलाब्याची नोंद आणि सूर्याचे डाग

सूर्यावरील डागांचा आणि पृथ्वीवरील चुंबकसूचीच्या चळवळीचा काही संबंध आहे काय? देसाऊ गावच्या हाइन्रिख श्वाबेने वर्षानुवर्षे डाग मोजले आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांना भरती येते, असे १८४४ मध्ये प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळांचीही तीच लय आहे, हे १८५२ मध्ये एडवर्ड सॅबाइन यांनी दाखविले.

पुढे १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांना डागांच्या एका समूहावर काही मिनिटे प्रखर तेज दिसले. सुमारे सतरा तासांनी पृथ्वीवर वादळ उसळले. ठिकठिकाणच्या तारायंत्रांत व्यत्यय आला. त्या वेळी आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, माणसे यंत्रे डोळ्यांनी वाचून आकडे मांडीत होती. क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची त्यांची नोंद २००३ मध्ये जगापुढे आली आणि त्या वादळाचे मोजमाप करण्यास मोलाची ठरली.

तरीही लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये हा संबंध म्हणजे निव्वळ योगायोग ठरविला. सूर्य चुंबकीय लहरी दशदिशांना फेकतो, असे धरून त्यांनी हिशेब मांडला. तेव्हा एका वादळाला लागणारी शक्ती अशक्यप्राय निघाली. गणित चोख होते, गृहीत चुकले. सूर्य विद्युद्भारित वायूचे मेघ फेकतो. ते आपल्या वाटेवर आले, तरच वादळ होते.

म्हणूनच डागांच्या चक्रावर विसंबून निर्धास्त राहता येत नाही. १८५९ चे चक्र मध्यम प्रतीचे होते. २००८ च्या अखेरीस सुरू झालेले चक्र तर दुबळेच. पण जुलै २०१२ मध्ये त्याच चक्रात एक प्रचंड मेघ सुटला. तो पृथ्वीच्या वाटेवर नव्हता, एवढेच आपले सुदैव. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात अशाच एका वादळाने सुमारे साठ लक्ष लोकांची वीज तासन्‌तास घालविली. चक्र वादळांची संभाव्यता सांगते, तिथी सांगत नाही.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागेस हलविले. जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून दोन्हीकडे काही काळ एकदमच नोंदी चालू ठेवल्या. दीर्घकालीन इतिहास अशा न तुटलेल्या वहीतूनच वाचता येतो.