चावडीवरचा कागद : चोऱ्यासी आणि बारडोलीतल्या सरकारी नोटिसा

सुरतहून कडोदऱ्यामार्गे बारडोलीला जाताना शहर सोडण्याआधी पर्वत पाटिया लागते. आज इथे कापडाच्या बाजारपेठा आहेत, उंच इमारती आहेत, आणि शेजारच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. शंभर वर्षांपूर्वी पर्वत हे चोऱ्यासी तालुक्यातले शेतीचे गाव होते. तालुका सुरत जिल्ह्यात आणि जिल्हा मुंबई इलाख्यात. धुळे-जळगावच्या शेतकऱ्याला जो महसूल कायदा लागू होता तोच इथेही होता. मामलेदार, तलाठी, चावडी, जप्ती, लिलाव हे शब्दही तेच. म्हणून या भागातल्या सरकारी नोटिसांचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही.

या इतिहासासाठी तीन प्रकारची साधने हाताशी आहेत. पहिले, कायद्यांची कलमे. नोटीस कशी काढायची, कुठे लावायची, किती मुदत द्यायची हे त्यांत लिहिलेले आहे. दुसरे, महादेव देसाई यांनी लिहिलेला आणि १९२९ साली प्रसिद्ध झालेला बारडोली सत्याग्रहाचा वृत्तान्त. तिसरे, ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी सारावाढीची चौकशी करून सादर केलेला अहवाल. देसाई सत्याग्रहाच्या बाजूचे होते, तर चौकशी अधिकारी सरकारनेच नेमलेले. ही दोन साधने जिथे एकमेकांना दुजोरा देतात तिथली जमीन पक्की समजायला हरकत नाही.

कायद्यापासून सुरुवात करू. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने थकबाकी वसूल करण्याचे मार्ग ओळीने मांडले होते. आधी मागणीची नोटीस. मग जमीन सरकारजमा, म्हणजे खालसा करणे. मग जंगम मालाची जप्ती व विक्री, स्थावराची विक्री, आणि शेवटी थकबाकीदाराची अटक. मुदतीत न भरलेल्या साऱ्यावर दंड बसे. तो साऱ्याच्या एक चतुर्थांशापर्यंत जाई, म्हणून लोक त्याला चौथाई म्हणत. नोटीस बजावण्याची रीतही ठरलेली होती. ज्याच्या नावे कागद आहे त्याच्या हाती द्यायचा. तो न भेटल्यास घरी ठेवायचा. तेही न जमल्यास घराच्या किंवा जमिनीच्या ठळक जागी चिकटवायचा. स्थावराच्या लिलावाचा जाहीरनामा जिल्ह्याच्या भाषेत काढायचा, तालुक्याच्या ठिकाणी आणि गावात ढोल वाजवून पुकारायचा, आणि मामलेदार कचेरीत, चावडीवर व थकबाकीदाराच्या घरावर त्याची लेखी प्रत लावायची.

यात एक गोष्ट नजरेत भरते. मालमत्ता विकली जाणार हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, ढोल वाजवून कळवण्याची काळजी कायद्याने घेतली होती. मात्र सारा का वाढला, कोणत्या आकड्यांवर वाढला, हे तितक्याच मोकळेपणाने त्याच्यापर्यंत पोचवण्याची सक्ती नव्हती. वसुलीचे टोक उजेडात होते आणि आकारणीचे टोक कचेरीत. १९२७-२८ साली जे घडले त्याचे मूळ याच विषमतेत आहे.

जमीन संपादनाच्या नोटिसांतही हीच विषमता दिसते. १८९४ च्या कायद्यानुसार सरकारला एखादी जमीन सार्वजनिक कामासाठी लागण्याचा संभव असेल तर राजपत्रात तशी अधिसूचना निघे आणि तिचा सारांश कलेक्टर त्या भागात सोयीच्या ठिकाणी जाहीर करी. पुढे जमिनीवर किंवा तिच्याजवळ दुसरी नोटीस लागे आणि हितसंबंधितांना भरपाईचे दावे मांडायला बोलावले जाई. पण मुळात जमीन घेऊच नका असे म्हणण्याचा कायदेशीर हक्क त्या कायद्यात नव्हता. तो १९२३ च्या दुरुस्तीने आला. मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला तो एप्रिल १९२१ मध्ये, म्हणजे या दुरुस्तीच्या आधी. भरपाई किती, एवढेच त्यांना विचारले जाणार होते. जमीन द्यायची की नाही, हे नाही.

सुरत भागात मोठा बदल घडवला तो तापी व्हॅली रेल्वेने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हा मार्ग सुरतेहून बारडोली, व्यारा, नंदुरबार करीत अमळनेरकडे गेला. खानदेश आणि सुरत जोडले गेले ते या रुळांनी. मराठी माणसांचा सुरतेकडचा ओघही पुढे याच वाटेने वाढला. शेतमालाला बाजार जवळ आला. पंचवीस वर्षांनी हीच रेल्वे सारावाढीच्या कारणांमध्ये मांडली गेली.

बारडोली तालुक्याची मागची फेरआकारणी १८९६ च्या सुमाराची. तीस वर्षांची मुदत संपत आली तेव्हा डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांच्याकडे नव्या आकारणीचे काम आले. त्यांचा अहवाल १९२५ चा. रेल्वे व रस्ते झाले, भाव वाढले, जमिनींच्या किमती चढल्या, अशी कारणे देत त्यांनी तालुक्याचा सारा ५,१४,७६२ रुपयांवरून ६,७२,२७३ रुपयांवर नेण्याची शिफारस केली. ही वाढ तीस टक्क्यांहून थोडी अधिक होते. सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांना ही कारणे पटली नाहीत, पण वाढ पटली. त्यांनी सगळा भार जमिनीच्या खंडावर टाकला आणि २९ टक्क्यांची शिफारस केली. सरकारने १९ जुलै १९२७ च्या ठरावाने सुमारे २२ टक्के वाढ कायम केली.

पायाच बदलल्यावर शेतकऱ्याला नव्याने हरकत घेण्याची संधी मिळायला हवी होती. जयकरांच्या कारणांना उत्तर देणाऱ्या शेतकऱ्याला अँडरसन यांच्या कारणांना उत्तर देता आले नाही, कारण खंडाच्या आधाराची ही मांडणी निर्णयापूर्वी त्याच्यापुढे आलीच नाही. भरीला ३१ गावे वरच्या वर्गात चढवली गेली, म्हणजे त्यांचा सारा दोन बाजूंनी वाढला.

वल्लभभाई पटेलांनी ६ फेब्रुवारी १९२८ रोजी गव्हर्नरांना लिहिलेल्या पत्राकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. पत्र सत्याग्रह सुरू होण्याच्या सहा दिवस आधीचे आहे. त्यात स्वातंत्र्याची मागणी नाही, साराबंदीची घोषणाही नाही. त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा नोटिशीच्या तारखेचा आहे. वरच्या वर्गात चढवलेल्या ३१ गावांच्या नव्या वर्गवारीवर सरकारने हरकती मागवल्या, म्हणजे निर्णय अंतिम नव्हता. आणि अंतिम घोषणा महसुली वर्ष संपण्यापूर्वी, ३१ जुलैच्या आत झालेली नसेल, तर नवे दर चालू वर्षाला लावता येत नाहीत, असा हा युक्तिवाद. मोठ्या लढ्याच्या तोंडाशी असलेला नेता चावडीवरच्या कागदाची तारीख तपासतो, हे मला फार मोलाचे वाटते. मागणी एकच होती : निःपक्ष चौकशी नेमा. ती मान्य झाली नाही आणि १२ फेब्रुवारीला बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा न भरण्याचा ठराव केला. तालुक्यात १३७ गावे आणि सुमारे ८७,००० माणसे होती.

त्यानंतरचे सहा महिने नोटिसांचे होते. कायद्याची पायरी न् पायरी चढली गेली. मागणीच्या नोटिसा, चौथाई, वालोड आणि बाजीपुऱ्याच्या वाण्यांना जमीन खालसा करण्याचे इशारे, मग म्हशींची, भांड्यांची, खाटांची जप्ती. लोकांनी दारांना दिवसभर कुलपे लावली. कागद हातात घेणारा माणूस भेटेना, तेव्हा नोटिसा बंद दारांवर चिकटू लागल्या. गावाच्या सीमेवर पोरे टेहळणीला बसत आणि जप्तीची तुकडी दिसली की ढोल वाजवून गावाला सावध करीत. जो ढोल सरकारच्या लिलावाची हाक द्यायचा तो आता लिलावाला माल मिळू नये म्हणून वाजू लागला. तेव्हा ढोल वाजवण्यावर आणि रस्त्यांवर जमण्यावर मनाई करणारे जाहीरनामे निघाले. महसुलाच्या कागदाला पोलिसी कागदाची जोड द्यावी लागली, यातच पहिल्या कागदाचे बळ ओसरल्याची कबुली होती.

सरकारी कागदाला सत्याग्रहींनी कागदानेच उत्तर दिले. जुगतराम दवे यांच्या देखरेखीखाली सत्याग्रह पत्रिका निघू लागली. साध्या गुजरातीत, गावोगाव वाटली जाणारी, सभेत मोठ्याने वाचली जाणारी. सरकारच्या नोटिशीत रक्कम आणि मुदत असे. पत्रिकेत कारण असे. सरकारनेही मग आपली पत्रके वाटायला सुरुवात केली. ज्या शेतकऱ्याला आकारणीच्या वेळी कारण सांगण्याची सरकारला गरज वाटली नव्हती, त्याला आता दोन्ही बाजू कारणे सांगत होत्या.

२३ जुलैला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी कायदेमंडळात चौदा दिवसांची मुदत दिली. तीही एक नोटीसच होती, पण या वेळी ती संपण्याआधी तडजोड झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चौकशी मान्य झाली. कैदी सुटले, खालसा जमिनी परत मिळाल्या, राजीनामे दिलेले पटेल-तलाठी पुन्हा कामावर आले.

चौकशीचे काम न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूल खात्याचे मॅक्सवेल यांच्याकडे आले. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. चौकशीच्या कक्षेत बारडोलीबरोबर चोऱ्यासी तालुकाही होता. त्या वर्षी साराबंदीचा लढा बारडोलीत झाला. पण त्यातून निघालेली चौकशी सुरतेच्या दारातल्या या तालुक्यालाही मिळाली. दोन्ही अधिकारी गावोगाव हिंडले, साक्षी घेतल्या, खंडाचे व्यवहार एकेक तपासले. नरहरी परीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या बाजूने आकडे मांडले. ज्या तक्त्यावर अँडरसन यांनी भिस्त ठेवली होती त्यात सात वर्षांच्या खंडांची बेरीज होती आणि ती एका वर्षाची समजली गेली होती. मूळ खंडांची छाननी आकारणीच्या वेळी झालीच नव्हती, असा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्यांनीच काढला. दोन्ही तालुक्यांवर मिळून सुमारे १ लाख ८७ हजारांची वाढ लादली गेली होती. त्यांनी ती सुमारे ४८ हजारांवर आणली. बारडोलीची २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उरली.

म्हणजे चुकीच्या बेरजेवर उभी असलेली मागणी कायदेशीर नोटिसांनी, दंडांनी आणि जप्त्यांनी वसूल केली जात होती. प्रत्येक कागद नियमाप्रमाणे लागला असेल. शिक्का असेल, मुदत असेल, दोन पंचांच्या सह्या असतील. तरी त्या कागदामागचा आकडा खोटा होता. तो खोटेपणा आधी उघड होऊ शकला असता, जर कारणे लोकांपुढे ठेवली असती आणि हरकती खऱ्या अर्थाने ऐकल्या असत्या. चौकशीत जे शेतकऱ्यांनी सांगितले, ते त्यांना १९२६ साली विचारले असते तरी सांगता आले असते.

हा धडा कायद्यात उतरायला फार काळ गेला. १८९४ चा संपादन कायदा २०१३ पर्यंत चालला. त्याच्या जागी आलेल्या कायद्यात प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबर दोन दैनिकांत छापावी लागते, त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले; ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत आणि महसूल कचेऱ्यांत ती स्थानिक भाषेत लावावी लागते; संकेतस्थळावर टाकावी लागते. तिच्यात सार्वजनिक हेतू कोणता आणि लोकांना उठवणे का भाग आहे, हेही लिहावे लागते. हरकतीला साठ दिवस मिळतात. वसुलीच्या टोकाला जो उजेड १८७९ च्या कायद्याने दिला होता, तो निर्णयाच्या टोकाला पोचायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

पर्वत पाटियाच्या शेतांची आता नगररचना झाली आहे, आणि सरकारी नोटिसा इथल्या लोकांच्या दारी आजही येतात. नोटीस आली की आपण रक्कम आणि तारीख पाहतो. बारडोली आणि चोऱ्यासीच्या कागदपत्रांनी शिकवलेली सवय याच्या पुढची आहे : आकडा कोणी काढला, कशावरून काढला, आणि तो ठरण्याआधी आपल्याला विचारले होते का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. १९२८ साली या प्रश्नांची किंमत म्हशी, जमिनी आणि तुरुंगवास अशी चुकवावी लागली. आज त्यांना हरकतीचा एक अर्ज पुरतो, आणि तो मुदतीत देण्यात आळस करणे त्या शेतकऱ्यांच्या कमाईवर पाणी सोडण्यासारखे आहे.