मेल आली नाही म्हणजे सगळं ठीक?

मंडळी, या विकेंडला इतिहास. गडकिल्ल्यांचा नव्हे, सर्व्हर आणि बॅकअपचा! विषय रुक्ष वाटेल, पण आमच्या धंद्यातल्या माणसाची झोप उडवणारी ही गोष्ट आहे आणि खरी घडलेली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. युनिक्सची जुनी रीत अशी, की काम नीट झालं तर प्रोग्रामने गप्प बसायचं, बिघडलं तरच बोलायचं. १९७०च्या दशकापासून चालत आलेली ही सवय. ठरलेल्या वेळी कामं उरकणारा 'क्रॉन' याच घराण्यातला. कामात काही एरर आली की तो ती अ‍ॅडमिनला मेलने कळवतो. त्यामुळे आम्ही लोक सकाळी मेलबॉक्स उघडतो, क्रॉनची मेल नाही हे बघतो आणि निवांत चहाला जातो. मेल नाही, म्हणजे बॅकअप झाला!

दुसरा धागा मेलचा. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा आराखडा लिहिला (आरएफसी ८२१), तेव्हा मेल पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. पुढे स्पॅम आणि फसवणुकीचा पूर आला, मग बांध घालणं सुरू झालं. २०१२ साली जाहीर झालेला 'डीमार्क' हा त्यातलाच एक बांध. माझ्या नावाने आलेली मेल तपासणीत नापास झाली तर तिचं काय करायचं, हे डोमेनचा मालक आधीच सांगून ठेवतो: येऊ द्या, स्पॅममध्ये टाका, नाहीतर घेऊच नका. सोय उत्तम आहे, वाद नाही.

हे दोन धागे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉमवर एकमेकांत अडकले.

रात्री साडेअकराच्या सुमारास (यूटीसी, म्हणजे आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट) एक इंजिनीयर दुय्यम डेटाबेस सर्व्हर पुन्हा मुख्य सर्व्हरशी जुळवायच्या खटपटीत होता. त्यासाठी दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी रिकामी हवी होती. त्याने डिलीटची कमांड दिली, पण ती चालली मुख्य सर्व्हरवर! एकदोन सेकंदांत लक्षात आलं, लगेच थांबवलं. तोवर सुमारे ३०० जीबीतले फक्त ४.५ जीबी उरले होते.

बरं, बॅकअप होताच की! रोज 'पीजी-डंप' चालून फाइल अ‍ॅमेझॉनच्या एस-३वर जायची. उघडून बघतात तर तिथे काहीच नाही. डेटाबेस ९.६चा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२चा, त्यामुळे बॅकअप दर वेळी एरर देऊन बंद पडत होता. मग क्रॉनने मेल नाही पाठवली? पाठवली हो! पण त्या मेलींवर डीमार्कला पटेल अशी सही नव्हती, म्हणून समोरच्या मेल सर्व्हरने त्या घेतल्याच नाहीत. क्रॉन बोंबलत होता आणि इकडे सगळ्यांना वाटत होतं की शांतता आहे. विहीर खणून ठेवलेली, पण पाणी आहे का ते कोणी वाकून बघितलं नव्हतं.

वाचले ते नशिबाने. साधारण सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी डेटाबेसचा एक स्नॅपशॉट हाताने घेतला होता. तोच परत आणला. डिस्क स्लो असल्यामुळे त्यालाही सुमारे १८ तास लागले. लोकांचा कोड शाबूत राहिला, पण मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. कंपनीच्या अंदाजाने जास्तीत जास्त ५००० प्रोजेक्ट, ५००० कॉमेंट्स आणि ७०० नव्या खात्यांना फटका बसला. मला कौतुक वाटतं ते हे, की त्यांनी काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवालही छापला.

याउलट २०११ सालचं जीमेल बघा. २७ फेब्रुवारीला एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या बगमुळे सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या मेल गायब झाल्या. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये कॉप्या होत्या, पण बग त्यांच्यापर्यंतही पोचला. उपयोगी पडली ती जुनीपुराणी टेप! ती नेटवर्कपासून वेगळी ठेवलेली, त्यामुळे बगला तिथे हात घालता आला नाही. वेळ लागला, पण टेपवरून मेल परत आणता आल्या.

दोन्हीकडे बॅकअपची व्यवस्था होती. फरक पडला तो परत आणता येण्याने.

म्हणून मी माझ्या सर्व्हरवर रीत उलटी केली आहे. बॅकअप झाला की 'झाला' अशी मेल येते, त्यात फाइलचा साइज असतो. ज्या दिवशी मेल येत नाही, त्या दिवशी चहा नंतर, सर्व्हर आधी. आणि महिन्यातून एकदा एका रिकाम्या मशीनवर अख्खा डेटाबेस रिस्टोर करून बघतो. टीममधली पोरं वैतागतात, 'परत तेच?' म्हणतात. म्हणू देत.

तुमचे सर्व्हर नसतील, पण मोबाइलमधले घरच्यांचे फोटो तर असतील? 'बॅकअप कम्प्लीट' या दोन शब्दांवर जाऊ नका. आज पाच मिनिटं काढा, दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो दुसऱ्या मशीनवर उतरवून, उघडून बघा. दिसला तर बॅकअप आहे. नाही दिसला, तरी आज कळलं हे काय कमी आहे?